खांबेटेकाका आणि रोटहामरची बंदूक

खांबेटेकाकांबद्दल चार चांगल्या ओळी लिहायच्या म्हणून मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा पहिल्याच पानावर माझं डोकं फिरलं. माणूस चांगला होता, यात शंका नाही. पण चांगल्या माणसांचा एवढा ताप होऊ नये, असं मला अजूनही वाटतं.

२००२ साली मी पुण्याहून जर्मनीत एर्लांगेनला आलो, हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. काका त्याच कंपनीत वीस वर्षं होते. हुद्दा काहीतरी लांबलचक जर्मन होता. काम एवढंच की यंत्राचा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या खोलीत यायचा, ते तो मोजायचे, आणि बहुतेक वेळा परत पाठवायचे. योगायोगाने मला घर मिळालं ते बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर. पहिल्याच शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले, कानावर पेन्सिल अडकवलेले काका. हातात पोलादी टेप.

“शिरोळे, तुमचा भाड्याचा करार दाखवा.”

मी दाखवला. त्यांनी माझं घर मोजलं. बाल्कनी मोजली, भिंतीतलं कपाट मोजलं, आणि करारात लिहिलंय त्यापेक्षा घर सव्वा चौरस मीटरने लहान आहे असं जाहीर केलं.

“मला चालेल काका.”

“तुम्हाला चालेल हो. कागदावर चुकीचा आकडा आहे त्याचं काय?”

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, असं एक पत्र हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे घरांचं बघणाऱ्या ऑफिसला गेलं. भाडं होतं तेवढंच राहिलं. करारातला आकडा मात्र बदलला, आणि आमच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याने, पुढची सहा वर्षं माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. मी सत्तावीस वर्षांचा होतो, मलाही. इथल्या मराठी मंडळातल्या पहिलीतल्या पोरांनाही. आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारत: “मोजलंत का?” आज थंडी जास्त आहे म्हटलं, की मोजलंत का. मंडळाच्या गणपतीला कुणीतरी म्हणालं, यंदा मोदक जरा लहान झालेत. काकांनी तेही विचारलं, आणि विनोद म्हणून विचारलं नाही.

गाडी चालवायचा परवाना त्यांच्याकडे होता, पण ते चालवत नसत. कारण काय, तर गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा नेहमी थोडा जास्त दाखवतो. मुद्दामच तसा बनवतात, कायद्याने. काकांना ते पटत नसे. जे यंत्र समोर बसून खोटं सांगतं ते मी का चालवू, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गाडी माझी, पेट्रोल माझं, शनिवार माझा, आणि काका शेजारी बसून म्हणायचे, “शंभर दाखवताय, पण चाललायत सत्त्याण्णवने.”

अशा माणसाला बंदुकांचा नाद लागावा हे मला सुरुवातीला खरंच वाटेना. दिवाळीतली टिकल्यांची बंदूकही या माणसाने हातात धरली नसेल. मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला सगळा इतिहास सांगितला तो जिन्यातच, पिशव्या हातात धरून.

“जुनी पितळी मापं बघायला गेले होते न्यूरेंबर्गच्या बाजारात. शेजारच्या टेबलावर ती लांबलचक बंदूक. मी म्हटलं, अहो, चला. तर हे नळीत डोळा घालून बसलेले. तेव्हापासून आमच्या घरात बंदूक शिरली.”

“घरात आहे?”

“नाही रे सुहास, एकसुद्धा नाही. असती तर निदान भिंतीवर टांगली असती. हे फक्त दुसऱ्यांच्या मोजतात.”

काकांनी नळीत जे पाहिलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अठराव्या शतकात फ्रांकेनमधला, म्हणजे आमच्या एर्लांगेनच्याच भागातला, रोटहामर नावाचा एक कारागीर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेला आणि तिथे बंदुका बनवू लागला. मग त्याचे दोन मुलगे, मग नातू. चकमकीच्या दगडावर उडणाऱ्या, माणसाच्या खांद्याएवढ्या उंच, मेपलच्या लाकडाचा दस्ता असलेल्या बंदुका. नळीच्या आत पिळासारख्या सात खाचा असायच्या, गोळी फिरत जावी म्हणून. त्या खाचा हाताने पाडत. एक लाकडी ओंडका असे, त्याच्या कडेवर सात खुणा. एक खाच पाडून झाली की ओंडका पुढच्या खुणेवर फिरवायचा. आता त्या सात खुणाही हातानेच केलेल्या, म्हणजे त्यांच्यातली अंतरं अगदी सारखी असणं शक्य नाही. रोटहामरांच्या ओंडक्यावरची तिसरी खूण चौथीच्या किंचित जवळ होती. केसाएवढा फरक. पण बापाचा ओंडका मुलांनी वापरला, मुलांचा नातवाने वापरला, आणि तीन पिढ्यांच्या प्रत्येक नळीत ती चूक जशीच्या तशी उतरली.

हे काकांनी शोधून काढलं होतं. नाव कोरलेलं खोटं असू शकतं, ठिणगी पाडणारा खटका बदललेला असू शकतो, दस्ता नंतर बसवलेला असू शकतो. पण त्या तिसऱ्या खाचेची नक्कल कुणाला करता येणार नाही, कारण ती आहे हेच कुणाला माहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडून परत पाठवणारा हा माणूस एका चुकीच्या प्रेमात पडला होता. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मला त्याचंही नवल वाटायचं आणि रागही यायचा, कारण तेवढ्या मऊ आवाजात ते काकूंशीही बोलत नसत.

पद्धत अशी. दातांचे डॉक्टर कवळीसाठी माप घ्यायला जी गुलाबी लुकण वापरतात ती काका विकत आणायचे. बंदुकीच्या तोंडात ती भरायची, घट्ट झाली की अलगद काढायची. नळीच्या आतला ठसा तयार. मग घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर, जुन्या मायक्रोस्कोपखाली, तीन वेगवेगळ्या दिवशी, तीनदा मोजायचा. खोली बरोबर वीस अंशांवर पाहिजे. त्यासाठी हायत्सुंग, म्हणजे घर तापवायची यंत्रणा, बंद, खिडकी अर्धी उघडी, आणि गॅस पेटवायचा नाही. एकदा काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं आणि नेमका तो मोजायचा दिवस निघाला. फोडणी दिली तर तापमान दीड अंशाने चढेल, असं काकांचं मत पडलं. माझी बायको तेव्हा नुकतीच पुण्याहून आलेली. तिने ओव्हरकोट घालून दहीपोहे खाल्ले आणि घरी आल्यावर मला विचारलं, इथले सगळे मराठी लोक असेच आहेत का.

ठशांच्या मापांची एक यादी काका तयार करत होते. युरोपात जिथे जिथे रोटहामरची बंदूक आहे तिथे जायचं, ठसा घ्यायचा, एकेक पान लिहायचं. बावीस पानं झाली होती. ही यादी पुस्तक म्हणून छापायची आणि मग पुण्याला परत जायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलेलं मी ऐकलं नाही.

याच यादीपायी आम्ही ड्युसेलडॉर्फला गेलो. चार-साडेचार तास गाडी. ऱ्हाइनकाठी मोठं घर, मालक एक डॉक्टर, त्यांच्याकडे रोटहामरच्या मुलाच्या हातची म्हणवली जाणारी बंदूक. बाईंनी टेबल मांडलं होतं, भाजलेल्या मांसाबरोबर आमच्यासाठी वेगळं भाज्यांचं काहीतरी केलं होतं, वास दारापर्यंत येत होता. काकांनी कोट काढायच्या आधी बंदूक बघितली.

“तर डॉक्टरसाहेब, नळी खरी दिसतेय. खटका नंतरचा आहे. त्यावरचं नाव खोटं आहे.”

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर चीजचा कोरडा ब्रेड खाताना मी म्हणालो, “काका, हे जेवल्यावर सांगता आलं असतं.”

“कळलं आधी. मग नंतर का सांगायचं?”

त्यांना खरोखरच समजत नव्हतं की मी कशावर चिडलोय.

आता खुद्द रोटहामर. ज्या खेड्यातून तो पहिला कारागीर अमेरिकेला गेला, ते एर्लांगेनपासून तासाभराच्या वाटेवर, टेकड्यांमध्ये. मागे राहिलेल्या भावाचा वंश तिथे होता: हेर रोटहामर (हेर म्हणजे श्रीयुत), कुलपं-किल्ल्या बनवणारा, ऐंशीच्या घरातला. साठच्या दशकात तिथे अमेरिकन पलटण असताना एका सैनिकाने दुकानाची पाटी वाचली आणि म्हणाला, याच नावाची एक जुनी बंदूक आमच्या आजोबांच्या कोठारात पडलीय. सुट्टीवरून परत येताना त्याने ती आणून दिली. खटक्यावर नाव बापाचं, म्हणजे पहिल्या कारागिराचं. बापाच्या हातची दुसरी बंदूक कुणालाच माहीत नव्हती; ओंडका बापाचा, हे काकांनी दोन्ही मुलांच्या नळ्यांवरून ताडलं होतं. गावाने मात्र ते खरं मानलं नाही, चाळीस वर्षं हेर रोटहामरांची थट्टाच केली. त्यांना ‘अमेरिकन’ म्हणायचे.

काका आणि ते दर महिन्याला भेटत. दोघंही एकमेकांना हेर म्हणत, दोघंही कमी बोलत. म्हातारा कानस चालवायचा, काका शेजारी स्टुलावर बसून बघायचे. मी गाडीत पेपर वाचायचो, कारण त्या दुकानात तिसऱ्याला जागा नव्हती. चार वर्षांत म्हाताऱ्याने त्या बंदुकीत ठसा घेऊ दिला नाही. आजोबांच्या तोंडात बोट घालू नये, असं म्हणायचा. आणि काकांनी, ज्यांनी माझा संडासही मोजला होता, एकदाही आग्रह केला नाही. यादीचं पहिलं पान त्यांनी या बंदुकीसाठी कोरं ठेवलं होतं.

मग म्हातारा आजारी पडला. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. मुलगा फ्रँकफर्टला विमानतळावर नोकरीला, त्याला यात रस नव्हता. गावातल्या छोट्या म्युझियमला बंदूक द्यायची ठरली. म्युझियमची अट एकच: जाणकाराचा कागद हवा. हेर रोटहामरांनी काकांना सांगितलं, घ्या ठसा, आणि लिहून द्या.

नोव्हेंबरातल्या शनिवारी आम्ही गेलो. काकांनी ठसा घेतला, डबीत ठेवला. पुढच्या आठवड्यात म्हणाले, “परत जायला हवं. थंडीने लुकण नीट धरली नाही.” परत गेलो. मग म्हणाले, नळीत तेल राहिलं होतं. तिसऱ्यांदा गेलो. चौथ्यांदा. पाचव्या शनिवारी मी जिन्यात काकूंपाशी माझा राग काढला, की मला काही घरदार आहे की नाही.

काकू पायरीवर बसल्या. “सुहास, त्यांना पहिल्याच ठशात कळलंय. साती खाचा एकसारख्या आहेत. नळी बदललीय कुणीतरी, शंभरेक वर्षांपूर्वी, यंत्रावरची बसवलीय. दर वेळी तेच येतंय. ते जेवत नाहीयेत नीट.”

तेव्हा मला कळलं की हा माणूस पाच वेळा कशाची वाट बघत होता. आणि कळल्यावर मी काय केलं, तर लगेच उपाय सुचवला. मी तसाच आहे, काम पुढे सरकलं पाहिजे.

“काका, द्या ना लिहून. खटका खरा आहे, दस्ता खरा आहे. नळीचं कोण बघतंय? म्हातारा चार महिन्यांचा सोबती. एका सहीचा प्रश्न आहे.”

“मोजलंय मी, शिरोळे.”

“मग विसरा मोजलेलं. तुमच्यामुळे तो माणूस गावात तोंड लपवून मरणार आहे का?”

हे वाक्य मी बोललो, मला नीट आठवतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पुढच्या शनिवारी हेर रोटहामरांच्या स्वयंपाकघरात त्यांनी सही केली. संपूर्ण बंदूक पहिल्या रोटहामरच्या हातची, असा मजकूर होता. म्हाताऱ्याने कागद दोन्ही हातांनी धरला, पुन्हा पुन्हा वाचला आणि विचारलं, “हेर खांबेटे, नीट मोजलंत ना?” काका म्हणाले, मोजलं. म्हाताऱ्याने मग आलुबुखाराची दारू काढली, आणि कधी थेंब न घेणारे काका पेला उचलून एका घोटात प्यायले. परत येताना मी खुशीत होतो. शेवटी या माणसाला माणसासारखं वागायला शिकवलं, असंसुद्धा मला वाटलं होतं.

जानेवारीत म्युझियमचा कार्यक्रम झाला. बर्गरमाइस्टर, म्हणजे गावचा नगराध्यक्ष, बँड, केक. थट्टा करणाऱ्या गावाने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, आणि हेर रोटहामर खुर्चीत ताठ बसून होते. मार्चमध्ये ते गेले.

यादीचं काय झालं, हे मी एप्रिलमध्ये विचारलं. काका म्हणाले, “ती बंद केली.”

“बंद म्हणजे?”

“पहिलं पान रोटहामरांचं. खरं लिहिलं तर ते गावात खोटे पडतात. खोटं लिहिलं तर उरलेली बावीस पानं कुणी का मानायची? आणि वगळलं तर पहिला प्रश्न तोच येणार, की ज्यावर सही केलीत ती कुठे आहे?”

“पण ते आता नाहीत काका. आता सांगा की खरं.”

“त्यांनी मला विचारलं होतं, शिरोळे. मी मोजलं म्हणून सांगितलं. आता ऐकायला ते नाहीत, म्हणून बदलू?”

मी चिडलो. तासभर भांडलो. तळटीप घाला म्हटलं, नावं बदला म्हटलं, माझ्या नावावर छापा म्हटलं. त्यांनी प्रत्येक सूचना शांतपणे ऐकली आणि प्रत्येकीतली चूक दाखवली. तोपर्यंत मी त्याला एक सही म्हणत होतो. काकांच्या दृष्टीने एक आकडा जाणूनबुजून चुकीचा दिला की त्या हाताने दिलेले सगळे आकडे गेले. हे मला आधी कळायला हवं होतं. मीही इंजिनिअरच आहे, माझ्या पगाराचं कामही तेच आहे.

२००८ मध्ये ते निवृत्त झाले आणि घर आवरायला लागले. ठसे टाकून द्यायचे होते. आता ती गुलाबी लुकण कोणत्या कचऱ्यात जाते, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. उत्तर यायला अठरा दिवस लागले, आणि अठरा दिवस ती बावीस डब्यांची चळत दारात तशीच. मी म्हटलं, मला द्या, मी ठेवतो. तर म्हणाले, ठेवून काय करणार. उत्तर आलं तेव्हा त्यांनी प्रत्येक ठसा डबीतून काढला, ठसे उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकले, डब्या प्लास्टिक टाकायच्या पिवळ्या पिशवीत. वह्या कागदांच्या निळ्या डब्यात जाण्याआधी काकांनी त्यांच्या सगळ्या पिना उपसून काढल्या, कारण कागदात धातू चालत नाही. मी शेजारी उभा राहून बघत होतो. मला त्या पिनांचा इतका संताप आला होता की मी त्यांना मदतही केली नाही.

ते पुण्याला गेले त्या दिवशी मी ऑफिसच्या कामाने म्युनिकला होतो. त्यामुळे माझ्यासाठी शेवटची भेट म्हणजे त्याच्या आठवडाभर आधीचा रविवार. काका म्हणाले, एकदा म्युझियमला जाऊन येऊ. नेहमीप्रमाणे गाडी माझी.

बंदूक काचेमागे होती, खाली कागद, कागदावर काकांची सही. एक साठीची अमेरिकन बाई आणि तिचा नवरा ती बघत उभे होते. म्युझियममधल्या बाईंनी काकांना ओळखलं आणि मोठ्या कौतुकाने त्यांना पुढे केलं: हेच ते, ज्यांनी तपासली. अमेरिकन बाई वळली. तिच्या आईचं माहेरचं नाव रोटहामर. पेनसिल्व्हेनियाहून ती खास यासाठी आली होती. तिचे डोळे भरलेले होते. तिने इंग्रजीत विचारलं, “ही सगळीच्या सगळी त्यांच्याच हातची आहे का? नळीसुद्धा?”

मी काकांकडे बघितलं. या विषयावर दोन दोन तास बोलणारा माणूस. तिसऱ्या खाचेबद्दल कुणी नुसतं विचारलं तरी कागद-पेन्सिल काढणारा माणूस. ते काचेकडे बघत राहिले आणि इंग्रजीतच म्हणाले, “होय मॅडम. नळीसुद्धा.”

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काकांनी मान खाली घातली होती. मग ते बाहेर आले आणि गाडीपाशी उभे राहिले. मी मागून आलो. त्या वेळी मी त्यांची माफी मागायला हवी होती. शब्द तोंडाशी आले होते, खोटं सांगत नाही. पण मी कुलूप उघडलं, आत बसलो आणि म्हणालो, “काका, पट्टा लावा.” त्यांनी लावला. एर्लांगेन येईपर्यंत मी किती वेगाने चालवतोय, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.